जाणता कोणाला म्हणावे?

इंग्रजीत ‘सॅव्हंट’ म्हणून रुळलेला विद्वानवाचक शब्द मूळचा फ्रेंच. ‘जाणणे’ या अर्थाच्या ‘साव्हवार’ क्रियापदाचे ते जुने धातुसाधित रूप, आपल्या ‘जाणता’सारखेच. त्याचा उगम लॅटिन ‘सापेरे’मध्ये आहे: चव असणे, चव कळणे आणि त्यावरून शहाणपण असणे. प्रबोधनकाळातल्या पंडितांनी मात्र त्याचे नाते ‘ठाऊक असणे’ या अर्थाच्या दुसऱ्याच लॅटिन धातूशी जोडले आणि शब्दात एक जादा ‘सी’ घुसवला. १६६५ साली पॅरिसमध्ये निघालेल्या ‘जुर्नाल दे सावाँ’ या नियतकालिकाच्या नावातही तो होता. पुढे ते अक्षर गेले. विद्वत्ता म्हणजे माहितीचा साठा, ही समजूत मात्र राहिली. १८८७ मध्ये डॉक्टर जॉन लँगडन डाऊन यांनी बौद्धिक वाढ खुंटलेल्या, पण स्मरणशक्ती किंवा गणित यांसारख्या एखाद्याच बाबतीत अचाट गती असलेल्या रुग्णांनाही हाच शब्द लावला, तोही ‘इडियट’ हे विशेषण जोडून. त्या माणसांचा त्यात अपमान होताच. शिवाय जाणतेपणातून चव, म्हणजेच विवेक, वजा करता येतो, हेही त्यात गृहीत होते.

व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून व्युत्पत्ती बाजूला ठेवून व्यवहार पाहू. १७९८ मध्ये नेपोलियनने इजिप्तच्या स्वारीवर सुमारे दीडशे ‘सावाँ’ नेले. त्यांनी मंदिरे मोजली, वनस्पती नोंदवल्या, पुढे ‘देस्क्रिप्सियों द लेजिप्त’ (इजिप्तचे वर्णन) या ग्रंथाचे प्रचंड खंड सिद्ध केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कैरोतला उठाव चिरडताना फ्रेंच तोफांनी अल्-अझहर मशिदीवर मारा केला. शतकानुशतके चालत आलेले ते विद्यापीठच होते. विद्वानांना आणणाऱ्या सैन्याने विद्वानांच्याच घरावर तोफा डागल्या. यावर कोणी म्हणेल, त्या मोहिमेत रोझेटा शिला हा कोरीव लेख सापडला नसता तर १८२२ मध्ये फ्रेंच अभ्यासक शाँपोलियाँला इजिप्तची प्राचीन चित्रलिपी उलगडली असती का? फळ मोठे आहे, ते नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. पण फळाचे मोल हा एक प्रश्न आणि जाणणाऱ्याचे उत्तरदायित्व हा दुसरा. पहिल्याच्या उत्तराने दुसरा मिटत नाही. आपले ज्ञान कोणाच्या पदरी आहे आणि कशासाठी राबते आहे, हे ओळखणे ज्ञानाबाहेरचे काम नव्हे. ती ओळख नसलेल्याला तज्ज्ञ जरूर म्हणावे. जाणता म्हणू नये.