खरखर नेमकी कुणाची?

चि. सोनूस,

तुझं पत्र पोचलं. माईकच्या अ‍ॅम्प्लिफायरची खरखर जाईना म्हणून रात्री दोनपर्यंत जागलीस, शेवटी चिडून महागडी आयसी बसवलीस आणि खरखर उलट थोडी वाढलीच, हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग काळजी वाटली. तुझ्या हुशारीची नव्हे गं, ती तर आईकडूनच आलीय, काळजी घाईची.

एलटीस्पाईसच्या सिम्युलेशनमध्ये रेघ स्वच्छ येते म्हणतेस. येणारच! तू ट्रान्झियंट चालवलंस, आणि त्यात रेझिस्टरची स्वतःची खरखर धरलेलीच नसते. ती असते उष्णतेची: रेझिस्टरमधले इलेक्ट्रॉन नुसत्या उबेनं हलत राहतात. बेल लॅबच्या जॉन्सननं ती मोजून आणि नायक्विस्टनं तिचं गणित मांडून 1928 साली छापलं, तेव्हा माझे वडीलसुद्धा पाळण्यात होते. खोलीच्या तापमानाला दहा किलोओहमच्या रेझिस्टरचं 20 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात जेमतेम 1.8 मायक्रोव्होल्ट भरतं; पण माईकचा आवाज तरी कुठे मोठा असतो?

तेव्हा एलटीस्पाईसमध्ये डॉट नॉईजची आज्ञा लाव, आउटपुट आणि सोर्स सांग, पट्टा 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ ठेव, आणि मग एकेका रेझिस्टरवर सावकाश क्लिक कर, म्हणजे कोण किती खरखरतोय ते वेगवेगळं दिसेल. तू इनपुटला 100 किलोओहम आणि फीडबॅकला एक मेगोहम घातलायस. पहिल्याची खरखर दहापट होऊन आउटपुटला दर रूट हर्ट्झला 407 नॅनोव्होल्ट, दुसऱ्याची 129. आता यांची बेरीज 536 करू नकोस हं, हा वाण्याचा हिशोब नव्हे; इथे दोघांचे वर्ग मिळवून मूळ काढायचं, तीन आणि चारचे पाच होतात तसं. उत्तर 427 येतं, म्हणजे धाकट्या आकड्यानं जवळपास काहीच भर घातली नाही. सगळा दंगा थोरल्याचा. तुझ्या महागड्या आयसीचं व्होल्टेज नॉईज कमी असेलही, पण तिचं करंट नॉईज त्या मेगोहममधून वाहिलं आणि तेच अंगाशी आलं. आयसीच्या मॉडेलमध्ये नॉईज भरलेलं आहे का, तेही आधी बघ. नसेल तर सॉफ्टवेअर तिला बिचारीला साधूसारखी शांत दाखवतं.

पैशापासरी मिळणारे दोन रेझिस्टर बदल, 10 आणि 100 किलोओहम घाल. गेन दहाच राहतो आणि रेझिस्टरांची खरखर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येते. मोहात पडून शंभर ओहमवर मात्र जाऊ नकोस, मागच्या स्टेजला तेवढा करंट पुरवायला जमणार नाही.

आणि एक कर, पहाटे पाचला ऊठ. पंखे बंद, रस्ता शांत, अशा वेळी हेडफोन लावून ऐकलंस की खरखर वेगळी आणि घूं वेगळी कळते. घूं म्हणजे घरातल्या विजेचे 50 हर्ट्झ. तुझ्या आकृतीत ती वायरिंग काढलेलीच नाही, त्यामुळे डॉट नॉईज ती कधीच दाखवणार नाही. त्यासाठी वायरीच हलवून बघायच्या.

एलटीस्पाईसमध्ये कंट्रोल दाबून ग्राफच्या नावावर क्लिक केलंस की पट्ट्याचा एकूण आकडा मिळतो. रेझिस्टर बदलण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही मला कळव. आजीनं मेतकूट पाठवलंय. डबा परत आण, मागचाही राहिलाय.

तुझे,
आजोबा