मनाच्या रोग्याचे ताट वेगळे का?



दीक्षा घेतल्यावर आपण देव्हारा उचलला, गंडेदोरे तोडले, भगताची वाट सोडली. ते सोपे नव्हते. परंतु त्यामागून एक प्रश्न उभा राहिला आहे. पूर्वी घरातील सून रात्ररात्र झोपेनाशी झाली, एकटीच बोलू लागली, की तिला भगताकडे नेत. भगत लुबाडी, प्रसंगी चाबकानेही मारी. मात्र त्या रात्री भावकी तिच्याभोवती जमून बसत असे, हेही खरे. आता भगत गेला. मग ती सून कोणाकडे जाते?

बऱ्याच घरांत ती कोठेच जात नाही. मागच्या खोलीत असते. तिचे ताट वेगळे, पेला वेगळा. पाहुणे आले की बाहेरून कडी. नणंदेचे लग्न ठरेपर्यंत तिचे नाव काढायचे नाही. वाचकहो, वेगळा पेला म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला हवे काय?

कोणी म्हणेल, गुरुजी, ही तुलना बरोबर नाही. विटाळ हा जन्मावर लादलेला होता, हा तर आजार आहे, आणि असा माणूस अंगावर धावून आला तर? धावून येणारे थोडे असतात. बहुतेक रोगी कोणालाही इजा करीत नाहीत, उलट तेच मार खातात. आणि ज्याच्यापासून खरोखर धोका आहे त्याला तर डॉक्टर अधिक तातडीने हवा. कडी लावून रोग उतरत नाही.

आपल्यातील शिकलेले लोक दुसरीच चूक करतात. धम्मात मनाला अग्रस्थान आहे, म्हणून ज्याचे मन बिघडले तो दुबळा, असा अर्थ ते काढतात. "मन खंबीर कर, शिबिराला जाऊन ये," असे सांगून मोकळे होतात. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरांच्या नियमांतच गंभीर मनोविकार बरा होईल या आशेने येऊ नये, असे बजावलेले असते. ते कोणी वाचीत नाही. प्रतीत्यसमुत्पाद आपण विहारात ऐकतो. कारण असेल तर कार्य होते. मग मनाच्या आजाराला हा न्याय का लावू नये? बाळंतपण, कर्ज, दारू, अपमान, मेंदूतील बिघाड, कधी आनुवंशिकता, अशी अनेक कारणे एकत्र येतात. त्यात मागल्या जन्माचे पाप शोधणारा मनुष्य देव्हारा उचलूनही तेथेच उभा आहे.

पटाचारेची कथा आठवा. नवरा सर्पदंशाने गेला, दोन्ही मुले वाटेत गेली, आईबाप व भाऊ पडक्या घराखाली गेले. ती भान हरपून उघडी फिरू लागली. लोक वेडी म्हणून तिच्यावर केरकचरा टाकीत. ती सभेकडे आली तेव्हा लोकांनी अडविले, तथागतांनी मात्र तिला येऊ दिले. ती भानावर आली तेव्हा एकाने आपले उपरणे तिच्याकडे टाकले. उपदेश त्यानंतर झाला. पुढे हीच पटाचारा थेरी झाली आणि शोकाने पिचलेल्या स्त्रिया तिच्याकडे येऊ लागल्या. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता उपरणे कोठे मिळते ते सांगतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला, १९९६ पासून त्याची जिल्हा शाखा आली. आपल्या जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची चौकशी करा, गावच्या आशाताईंना विचारा. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत, पण बहुतेक रोग्यांना तेथवर जाण्याची गरज पडत नाही. १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून रात्रंदिवस फुकट बोलता येते, मराठीतूनही. २०१७ च्या कायद्याने सरकारी उपचार हा हक्क ठरविला आणि मनोरुग्णाला साखळदंड घालण्यास बंदी केली. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळीला बांधलेले रोगी पळू शकले नाहीत. अठ्ठावीस जण गेले. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. शेजारच्या वस्तीत कोणी अजून तसे करीत असेल तर हे त्याच्या कानावर घाला.

नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यात २०१३ ते २०१५ या काळात 'आत्मीयता' नावाचा प्रयोग झाला. गावातल्याच माणसांना दुःखी माणसाचे ऐकून घेण्याचे आणि गरज पडल्यास त्याला दवाखान्यापर्यंत पोचविण्याचे शिक्षण दिले. हे काम आपल्या महिला मंडळाला जमणार नाही काय?

खरी अडचण पुढे येते. गोळ्या सुरू होतात, महिन्याने बरे वाटते, आणि घरचे त्या बंद करतात. किंवा दर महिन्याला तालुक्याला जायचे म्हणजे दोघांचे एसटीचे भाडे आणि दोन माणसांची मजुरी बुडते, म्हणून फेरी चुकते. हे भाडे विहाराच्या वर्गणीतून द्यावे आणि सोबत जाणाऱ्यांची पाळी लावावी, असे मी मागच्या बैठकीत मांडले. सोबतीसाठी तिघींनी नावे दिली. पैशाचा विषय जयंतीच्या मांडवाच्या खर्चापाशी अडला आहे, येत्या पौर्णिमेला पुन्हा निघेल.