पंखाखालचे आणि परके

आपले कोण आणि परके कोण, या प्रश्नावर माणसाने मोठमोठे ग्रंथ लिहिले आहेत. पेण-रोह्याकडील घरांच्या परसात मात्र तोच प्रश्न अगदी साध्या रूपात रोज उभा असतो. कोंड्यावर आणि सांडलेल्या कण्यांवर पोसणारी गावठी कोंबडी आम्हां सर्वांच्या पाहण्यातली आहे. तिच्या संसारात थोडे डोकावले, तर या जुन्या प्रश्नावर काही उजेड पडतो, असे आम्हांला वाटते.

कोंबडी खुडूक झाली की घरची गृहिणी पेंढा घातलेल्या टोपलीत तिला अंड्यांवर बसवते. मग सुमारे २१ दिवस ती दाणापाण्यापुरतीच काय ती उठते. सगळ्या अंड्यांना सारखी ऊब मिळावी म्हणून चोचीने ती फिरवत राहते. पिले बाहेर पडण्याआधीच कवचाआडून त्यांचा बारीक आवाज येऊ लागतो आणि तीही हलक्या स्वरात त्यांना साद देते. पहिले काही आठवडे पिलांना स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही, म्हणून ती दर थोड्या वेळाने आईच्या पंखाखाली शिरतात. दाणा सापडला की आई तो उचलून पुन्हा खाली टाकते आणि पिलांना बोलावते. अंगणावर घारीची सावली पडली की एरवी भित्री असलेली ही कोंबडी पिसे फुलवून उभी राहते. संत ऑगस्टिन यांनी योहानकृत शुभवर्तमानावर प्रवचने करताना हे नेमके टिपले आहे. इतर पक्षी त्यांच्या घरट्यात पाहिल्यावाचून आई म्हणून ओळखू येत नाहीत. कोंबडी मात्र पिले जवळ नसतानाही तिच्या घोगऱ्या आवाजावरून आणि विसकटलेल्या पिसांवरून आई म्हणून ओळखू येते, असे ते सांगतात.

या मायेला दुसरी बाजूही आहे. कोंबड्यांच्या कळपात प्रत्येकीची पायरी ठरलेली असते. कोणी कोणाला टोचावे आणि कोणी मुकाट्याने बाजूला व्हावे, याची ही उतरंड नॉर्वेचे अभ्यासक श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२० च्या सुमारास प्रथम शास्त्रीय रीतीने मांडली. नवे पिलू या उतरंडीच्या तळाशी असते. आई सोबत असेतो त्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. पण तेच पिलू चुकून दुसऱ्या आईच्या पिलांत शिरले, तर तिची चोच त्याच्या माथ्यावर बसते. कधी कधी त्यात ते प्राणासही मुकते. स्वतःच्या पिलापुढे दाणा टाकणारी चोच आणि परक्या पिलाला टोचणारी चोच एकच असते.

आता एक नवल पाहा. हेच परके पिलू एक-दोन दिवसांचे असताना, काळोख पडल्यावर, नुकतीच पिले काढलेल्या कोंबडीच्या पंखाखाली अलगद सरकवले, तर बहुतेक वेळा ती त्याला स्वीकारते. सकाळी सर्वांना घेऊन परसात उतरते तेव्हा ती मोजदाद करीत नाही. बदकाची अंडी ठेवली, तर तीही ती उबवते आणि निघालेली पिले आपलीच मानून वाढवते. दिवसाउजेडी जे परके, तेच रात्रभर पंखाखाली राहिल्यावर आपले ठरते. म्हणजे तिच्या लेखी आपलेपण रक्तावरून ठरत नाही. आधी ऊब दिली जाते आणि नाते मागाहून येते.

यावर कोणी म्हणेल, की यात पुण्य ते काय? कोंबडी फसते, एवढेच. आक्षेप खरा आहे. पण माणसाचे माणूसपण नेमके येथेच सुरू होते. कोंबडीला जे केवळ अंधारात, न कळता साधते, ते आपल्याला उजेडात, पुरते जाणून करायचे आहे. संत योसेफ यांनी तेच केले. मरीयेच्या पोटचे बाळ आपले नाही हे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी त्या बाळाला नाव दिले, घर दिले, आणि त्याच्यासाठी रातोरात परदेशची वाट धरली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० च्या ‘पात्रिस कोर्दे’ या पत्रात योसेफांचे हेच पितृत्व पुढे ठेवले. मूल जन्माला घातल्याने नव्हे, तर त्याची जबाबदारी उचलल्याने माणूस पिता होतो, असा त्याचा आशय आहे.

आपल्या परिसरात याचा अर्थ फार दूर शोधावा लागत नाही. दिवाळी उलटली की कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर वाडीवर परततात. मधल्या काळात मुलांची शाळा सुटते. परतलेले मूल वर्गात मागच्या बाकावर बसते आणि उतरंडीच्या तळाची पायरी त्याच्या वाट्याला येते. त्याला टोचणाऱ्यांत आपलीही मुले नसतात का? आपल्याच नात्यात पोरके झालेले एखादे लेकरू ‘आधी आपले पाहू’ या वाक्यापाशी अडते. कामधंद्यासाठी नव्याने आलेले कुटुंब वर्षभर मिस्साला येते आणि वर्षभर अनोळखीच राहते. आपल्या लेकरांवर प्रेम करणे हे पुण्य खरेच. पण तेवढे तर परसातली कोंबडीही करते.

मात्र पंख म्हणजे पिंजरा नव्हे, याचाही विसर पडू नये. सहा-आठ आठवड्यांनी कोंबडी आपल्याच पिलांना टोचून दूर करते. ते क्रूर वाटते. पण पिलांनी आता आपल्या पायांवर उभे राहावे, अशीच निसर्गाची योजना आहे. ज्याला आधार दिला, त्याच्यावर जन्मभर उपकाराचे ओझे ठेवणे हे प्रेम नव्हे. त्याची भाषा, त्याची माणसे, त्याची वाडी त्याच्यापाशीच राहिली पाहिजे.

यरुशलेमेकडे पाहून प्रभूने शोक केला, तेव्हा स्वतःसाठी त्याने गरुडाची किंवा सिंहाची नव्हे, तर पिले गोळा करू पाहणाऱ्या कोंबडीची उपमा घेतली (मत्तय २३:३७). ज्या नगराने त्याला नाकारले, त्याच नगरासाठी त्याने हे पंख पसरले होते. कोणालाही त्याने बळेच आत ओढले नाही आणि कोणाला टोचून बाहेरही घालवले नाही. त्या पंखांची ऊब आपण सर्वांनीच घेतली आहे, आणि तेथे आपणही कोणे एके काळी परकेच होतो.