पेशी कधी ताठरते?

काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचं द्रावण मिसळायचं, वर पातळ काच ठेवून कडा बंद करायच्या. द्रावण ऑक्सिजन ओढून घेतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली सिकलसेल या आनुवंशिक आजारातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू लागतात. झाडपाल्यात या आजारावर औषध शोधण्याचा आधुनिक विचार अशाच पट्टीवर जन्मला. अर्क घाला, वाकलेल्या पेशी मोजा. कमी भरल्या की औषधाची आशा. मोजायला ही रीत सोपी होती, पण गफलत तिच्यातच होती असं मला वाटतं.

1971 मध्ये नायजेरियातल्या सोफोवोरा आणि आयझॅक्स यांनी फगारा या झाडाच्या मुळाचा अर्क वाकलेल्या पेशींना पुन्हा पूर्ववत करतो, असं मांडलं. तिकडे हे मूळ दातवणासारखं चघळतात. पुढे तुरीची पाळी आली. तुरीच्या दाण्यातला मुख्य गुणकारी घटक फेनिलॲलनीन हे अमिनो आम्ल आहे, असं एकेके आणि शोडे यांनी 1990 मध्ये लिहिलं. इथे विदर्भातला वाचक थबकेल. नागपूरपासून गडचिरोलीपर्यंत सिकलसेल आहे आणि ताटात तुरीचं वरणही आहे, तरी वरण खाणाऱ्या घरातल्या एसएस मुलाला, म्हणजे आई-वडील दोघांकडून हे जनुक आलेल्या मुलाला, क्रायसिस (तीव्र वेदनेचा झटका) येतोच. फेनिलॲलनीन तर दुधातही असतं. नळीतल्या पेशीला जेवढा अर्क पाजता येतो, तेवढा पोटातून रक्तात उतरत नाही. निप्रिसान या नायजेरियन औषधात तर लवंग आणि ज्वारीची पानंही होती. त्याच्या चाचणीत क्रायसिस कमी झाल्याचं 2001 मध्ये प्रसिद्ध झालं, पण ते बनवण्याचा परवाना घेतलेली अमेरिकी कंपनी 2008 मध्ये दिवाळखोरीत गेली.

मग नेमकं काय मोजायचं? या प्रश्नाला चांगलं वळण मिळालं ते नेदरलँड्समध्ये. या आजाराशी त्या देशाचं नातं वसाहतींतून आलेलं. ग्रोनिंगनचे डॉक्टर योंक्सिस यांनी 1950 च्या दशकात सुरिनाम आणि कुरासाव इथल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचं रक्त तपासलं. सुरिनाम हिवतापाचा प्रदेश, कुरासाव कोरडं बेट. कुरासावात सिकलसेलचे वाहक बरेच कमी निघाले. हिवताप असेल तिथे हे जनुक टिकतं, या तर्काला त्यामुळे बळ मिळालं. पुढे 1975 मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला, तेव्हा तिथली हजारो कुटुंबं नेदरलँड्सला आली. 2007 पासून तर तिथे प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्तात सिकलसेल तपासतात.

2019 मध्ये युट्रेख्तच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या मिन्के राब आणि सहकाऱ्यांनी पेशी कधी ताठरते हे मोजण्याची जी पद्धत मांडली, तिचं यंत्र झ्वाग या छोट्या गावात बनतं. एकात एक बसवलेली दोन नळकांडी आणि मधल्या फटीत दाट द्रावणात मिसळलेलं थोडंसं रक्त. नळकांडं फिरलं की पेशी ताणल्या जातात आणि त्यांवर पडलेल्या लेझरची आकृती लंबगोल दिसते. मग नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हळूहळू उतरवतात. पेशी ताठरू लागल्या की आकृती बिघडते. लवचिकता कमाल पातळीपेक्षा 5 टक्क्यांनी खाली येते, त्या वेळचा ऑक्सिजनचा दाब टिपून ठेवतात. हा आकडा रोग्यागणिक वेगळा असतो. पट्टीवर ऑक्सिजन जवळजवळ संपवूनच पेशी बघायच्या. शरीरात तो तसा संपत नाही, रक्त ऊतींतून फिरून पुन्हा फुप्फुसांत येतं. त्यामुळे पेशी वाकते की नाही, यापेक्षा ती कुठवर तग धरते हे कळणं मोलाचं.

झाडांतून आलेला एक धागा या प्रश्नाशी नेमका जुळतो. व्हॅनिलाला वास देणारं व्हॅनिलिन हिमोग्लोबिनला चिकटतं, त्यामुळे हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक घट्ट धरतं आणि पेशी उशिरा ताठरते. डोनाल्ड अब्राहम आणि सहकाऱ्यांनी हे 1991 मध्ये मांडलं. पण पोटात घेतलेलं व्हॅनिलिन रक्तात पोहोचण्याआधीच मोडतं. मग त्याच रासायनिक कुळातला, हिमोग्लोबिनला तसाच चिकटणारा व्हॉक्सेलोटर हा औषधी रेणू प्रयोगशाळेत घडवला गेला. 2019 मध्ये अमेरिकेत आणि 2022 मध्ये युरोपात त्याला परवानगी मिळाली. हिमोग्लोबिन वाढलं, आकडे सुधारले. ऑक्सिजन इतका घट्ट धरणारं हिमोग्लोबिन तो मेंदूला पुरेसा देईल का, ही शंका काहींनी आधीच काढली होती. सप्टेंबर 2024 मध्ये फायझरने हे औषध जगभरातून मागे घेतलं. उपलब्ध माहितीत क्रायसिस आणि मृत्यूंचं पारडं औषधाच्या विरुद्ध झुकलेलं दिसतं, असं कारण कंपनीने दिलं. ते का झुकलं, यावर वाद आहे. पण यंत्रातला चांगला आकडा आणि कमी दुखणारं शरीर या दोन गोष्टी आपण फार लवकर एक धरल्या, हे मला पटतं.

तूर्तास ॲमस्टरडॅममध्ये काय आणि गडचिरोलीत काय, डॉक्टरांची भिस्त मुख्यतः हायड्रॉक्सियुरिया या औषधावर आहे. ते कुठल्या झाडातून आलेलं नाही. 1869 मध्ये जर्मनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी बनवलं, तेव्हा सिकलसेल या आजाराला नावही नव्हतं.