घरचे दुभाषे

१९१६ सालच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमधील ब्राउन्सव्हिल या ब्रुकलिनच्या कामकरी वस्तीत, अँबॉय स्ट्रीटवर, मार्गारेट सँगर या परिचारिकेने संततिनियमनाचा दवाखाना उघडला, तेव्हा वस्तीत वाटलेली पत्रके इंग्रजी, यिडिश आणि इटालियन अशा तीन भाषांत छापली होती. थोड्याच दिवसांत पोलिसांनी दवाखाना बंद केला, आणि इतिहासकारांचे लक्ष स्वाभाविकच त्यातून उद्भवलेल्या खटल्याकडे गेले. माझे मन मात्र त्या पत्रकापाशी अडून राहते. ज्या मातेसाठी ते छापले तिला त्यातला यिडिश मजकूर कळत होता, तिच्या शाळकरी मुलाला इंग्रजी मजकूर अधिक सुगम होता, आणि एकाच चुलीवरचे अन्न खाणारी ही दोन माणसे एकाच कागदाच्या दोन निरनिराळ्या भागांवर दृष्टी लावून वाढत होती.

१८८१ मध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली, आणि तेथील ज्यूंवर दंगलींचे व निर्बंधांचे सत्र सुरू झाले. तेव्हापासून १९२४ च्या कायद्याने अमेरिकेचे दार जवळजवळ मिटेपर्यंत सुमारे वीस लाख, बहुतांशी यिडिश बोलणारे, ज्यू पूर्व युरोपातून तिकडे गेले. त्यांपैकी बहुतेकांचा पहिला मुक्काम मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमधील अंधाऱ्या चाळींत पडे. तेथे कोंडमारा झालेल्यांनी, विशेषतः १९०३ साली विल्यम्सबर्गचा पूल झाल्यावर, नदीपलीकडे ब्राउन्सव्हिलला बिऱ्हाडे हलविली. शिवणकाम, रंगकाम, सुतारकाम आणि हातगाडीवरची विक्री हीच तेथील उपजीविकेची साधने होती. कपड्यांचे काम मक्तेदाराकडून उक्ते मिळे, म्हणजे जितके नग तितके दाम. आणि हंगाम संपला की दाम नाही.

समीक्षक अल्फ्रेड केझिन यांचा जन्म याच वस्तीत १९१५ साली झाला. वडील घरे रंगविण्याचे काम करीत, आई घरी बसून शेजारणींचे कपडे शिवी. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींच्या ग्रंथात त्यांनी एक संपूर्ण प्रकरण स्वयंपाकघराला दिले आहे, आणि ते सर्वथा यथार्थ आहे. कारण अशा घरांत स्वयंपाकघर हेच कारखाना, बैठक, अभ्यासाची खोली आणि हिवाळ्यात ऊब मिळण्याचे ठिकाण असे. आईचे श्रम मुलाला सांगून कळावे लागत नसत. शिवणयंत्राच्या खडखडाटातच तो पाढे पाठ करी, आणि मजुरी म्हणजे काय हे त्याला अर्थशास्त्राचे नाव ऐकण्यापूर्वीच ठाऊक होई.

परंतु या बालपणाची खरी विलक्षणता दारिद्र्यात नव्हती. दारिद्र्य त्या शहरात इतरांच्याही वाट्याला आले होते. ती विलक्षणता अशी, की शाळेने दिलेल्या इंग्रजीमुळे दहा वर्षांचे मूल नकळत सबंध कुटुंबाचे कुलमुखत्यार होऊन बसे. घरमालकाची नोटीस तेच वाचून दाखवी. सरकारी कचेरीतला अर्ज तेच भरी. दवाखान्यात आईच्या दुखण्याचे वर्णन, जे शब्द तिने मुलासमोर एरवी कधी उच्चारले नसते ते उच्चारून, तेच डॉक्टरांना सांगे. त्याचा पिता मायदेशी कदाचित तालमूद या ज्यू धर्मग्रंथाचा अभ्यासक म्हणून मान पावलेला असेल. तेथे विद्या ही कुळाची प्रतिष्ठा होती, आणि विद्वान जावई मिळावा म्हणून श्रीमंत बाप धडपडत. तोच पिता इथे इस्त्रीच्या वाफेत दिवसभर उभा राहून संध्याकाळी आपल्याच मुलाला विचारी, की या कागदावर काय लिहिले आहे? विद्येचे माहात्म्य घरात तसूभरही कमी झाले नव्हते. केवळ कोणती विद्या चालते याचा निवाडा परक्या गावाने केला होता, आणि तो निवाडा पित्याला ऐकविण्याचे दुर्धर कर्तव्य मुलावर आले होते.

वडीलधाऱ्यांनाही आपले मन मोकळे करण्याचे एक स्थान होते. अब्राहम काहान यांच्या संपादकत्वाखालील यिडिश दैनिक ‘फॉरव्हर्ट्स’ने १९०६ पासून वाचकांच्या पत्रांचे एक सदर चालविले, संसारातले पेच, परागंदा नवरे, धर्म सोडलेली मुले, अशा कैफियती त्यात येत आणि संपादक त्यांना उत्तरे देत. मुलांना वेगळे स्थान मिळाले. ब्राउन्सव्हिलच्या स्टोन अव्हेन्यूवर १९१४ साली खास मुलांसाठी सार्वजनिक ग्रंथालय उभे राहिले. या प्रकारचे ते पहिलेच मानले जाते. ही देणगी थोर होती यात मला तिळमात्र शंका नाही. तथापि मुलाला ग्रंथालयाचा प्रशस्त दरवाजा आणि आईला बारा तासांच्या श्रमानंतर रात्रीच्या वर्गातला, झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी वाचायचा इंग्रजी धडा, हा भेद लहान नव्हे. या वस्त्यांतून किती प्राध्यापक, किती वकील, किती लेखक निघाले याची गणना अभिमानाने केली जाते; ज्या संभाषणांना घराघरांत शब्द पुरले नाहीत, त्यांचा हिशेब कोणत्याच दप्तरी नाही. मला तो हिशेब अधिक महत्त्वाचा वाटतो.

मराठी वाचकाला हे फार दूरचे वाटू नये. १९४८ नंतर मुंबई-कोकणातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजाच्या कुटुंबांपैकी कितीतरी बीरशेबा, लोद आणि १९५५ साली नेगेव्हच्या वाळवंटात वसविलेल्या दिमोना अशा कष्टकऱ्यांच्या गावांत राहिली; तिथे यिडिशच्या जागी मराठी होती आणि इंग्रजीच्या जागी हिब्रू. या समाजाने पुढे तिकडे एक मराठी नियतकालिक काढले आणि त्याचे नाव ‘मायबोली’ ठेवले. तिथे आईबापांचे अर्ज भरणारी एखादी मुलगी आता स्वतः वृद्धत्वाकडे झुकली आहे. थकलेली आई मराठीतून काही विचारते, नातू हिब्रूतून उत्तर देतो, आणि ती दोघांच्या मध्ये बसून आधी इकडे, मग तिकडे वळत राहते.