कोरी जागा

दिवाळीची जाळीजळमटे काढताना केरसुणीवरून एक चिमुकला कोळी टुणकन माझ्या हातावर आला. तांदळाच्या दाण्याएवढाच. मी त्याला झटकणार, तोच धाकटी म्हणाली, "बाबा, याचे नाव काय हो?"

भिंग आणले. आठ डोळे, त्यांतले समोरचे मधले दोन चांगले मोठे, मोटारीच्या दिव्यांसारखे. "हा उड्या मारणारा कोळी," मी ऐटीत सांगितले.

"हे याच्या कुळाचे नाव झाले. याच्या जातीचे?"

पुस्तके चाळली आणि माझी ऐट उतरली. कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक जातींची आजवर नोंद झाली आहे. रंगावर विसंबावे, तर रंग फसवा. खरी खूण असते ती नराच्या तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांच्या टोकांत आणि मादीच्या पोटाखालच्या इवल्याशा कठीण तबकडीत. तीही बहुधा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसायची. शिवाय शेवटची कात टाकून कोळी प्रौढ होईपर्यंत ही खूण पुरती घडतच नाही. म्हणून पिल्लू हाती आले, तर जाणता शास्त्रज्ञही पुष्कळदा कुळाचे नाव लिहितो आणि जातीची जागा कोरी ठेवतो.

ती कोरी जागा मला डसली. काही वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलाला मी भर वर्गात 'ढ' म्हटले होते. वर्गाने ते नाव उचलले. दिवाळीच्या सुटीनंतर तो आला नाही, म्हणून घरी गेलो. वडील म्हणाले, "गुरुजी, त्याला काही येत नाही, असं तोच म्हणतो."

कोणी म्हणेल, निर्णय केल्यावाचून शाळा चालेल कशी? गुण तर द्यावेच लागतात. खरे आहे, परंतु गुण उत्तरपत्रिकेला द्यायचे असतात, मी ते मुलाला दिले. कोळ्याचे नाव चुकले, तर कोळ्याचे काही बिघडत नाही. आपण दिलेले नाव तो ऐकत नाही. मूल ऐकते, आणि हळूहळू तसेच होऊ लागते. मग जिथे चुकीने काही बिघडत नाही तिथे एवढा संयम, आणि जिथे जन्म बिघडतो तिथे एवढी घाई, हा कुठला न्याय?

धाकटीने वहीत लिहिले, 'उड्या मारणारा कोळी', आणि पुढे रेघ ओढून ठेवली. कोळ्याला आम्ही तुळशीपाशी सोडले.

तो मुलगा आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. त्याच्या नावापुढची जागा मात्र मी भरून टाकली होती. आणि ती अक्षरे माझ्या वहीत नाहीत, म्हणून मला खोडता येत नाहीत.