दैव, दोष आणि भरपाई

उणकलच्या तलावावरून धारवाडकडे जाणारा जुना पुणे-बंगलोर रस्ता आमच्या डोळ्यांदेखत पार पालटला. २०२० साली रीतसर सुरू झालेल्या ‘चिगरी’ बसगाड्या आता त्याच्या मधल्या राखीव वाटेने धावतात. चंद्रमौळीश्वराचे चार दारांचे चालुक्यकालीन देऊळ मात्र जेथे होते तेथेच आहे. याच रस्त्यावर एका पहाटे, नैवेद्याच्या तयारीसाठी देवळाकडे निघालेल्या एका वृद्धत्वाकडे झुकलेल्या आचाऱ्यास मालवाहू टेंपोने धडक दिली. उजवा हात कोपराशी मोडला. सारे त्यांना नुसते ‘माम’ म्हणत. आम्हीही तेच म्हणू.

नात्यातल्या मंडळींनी त्यांना आमच्याकडे आणले तेव्हा अपघातास चार महिने होऊन गेले होते. मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने १ एप्रिल २०२२ पासून दाव्यास सहा महिन्यांची मुदत घातली. तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे हे खरे, पण शहाण्या पक्षकाराने त्या वादाच्या भरवशावर झोपू नये. आम्ही हे सांगू लागलो, तो माम शांतपणे म्हणाले, “देवान दिल्लें, आनी कोणालागीं मागचें?”

वकिलाच्या कचेरीत हा प्रश्न क्वचित ऐकू येतो. देवळाच्या मंडपात मात्र तो नेहमीचा आहे. म्हणूनच त्याची येथे थोडी चर्चा करावी असे वाटते.

भोग प्रारब्धाचा, मग त्याचे पैसे कोणाकडून मागावयाचे, हा त्यातील पहिला धागा. यावर आमचे म्हणणे असे की, कर्माचा सिद्धांत सोसणाऱ्याने स्वतःशी बोलावयाचा आहे. दुःख देणाऱ्याने तो ढाल म्हणून पुढे करावयाचा नाही. चोरी झाली तर तेही प्रारब्धच, पण म्हणून चोराकडून चीजवस्तू परत घेऊ नये असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही. उलट आपल्या स्मृतिकारांनी या विषयात जो बारकावा दाखविला आहे तो पाहिला म्हणजे नवल वाटते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघाताचे एक लहानसे प्रकरणच आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस मोडला, किंवा गाडीवान ‘बाजूला व्हा’ म्हणून ओरडत होता, अशा दहा प्रसंगी दंड नाही. परंतु गाडीवान अकुशल असल्यामुळे गाडी भलतीकडे गेली तर दंड मालकास. गाडीवान कुशल असेल तर त्याचा त्यालाच. आणि अनाडी गाडीवानाच्या गाडीत जाणून बसणाऱ्यांनाही शंभर-शंभर पण दंड! मालकाची जबाबदारी, चालकाची जबाबदारी, यंत्रातील बिघाडाचा बचाव, हे आजचे सारे वाद तेथे बीजरूपाने आहेत. शिवाय अवयवास इजा करणाऱ्याने ‘समुत्थानव्यय’, म्हणजे जखमी मनुष्य पुन्हा उठून उभा राहीपर्यंतचा खर्च, द्यावा असे मनूने सांगितले आणि याज्ञवल्क्यानेही. त्या याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाचा; आमच्या याच मुलखातला. स्मृतींतील सर्वच आज घ्यावे असे आम्ही म्हणत नाही. त्यांतील वर्णावर ठरणारे दंड आजच्या न्यायास मान्य होणार नाहीत, होऊही नयेत. पण भरपाई मागणे हे परकीय कायद्याने शिकविलेले पाप आहे, ही समजूत तेवढी सोडावी.

दुसरा धागा अधिक चिवट आहे. टेंपो चालविणारा विशीतला पोर, “त्याच्या पोटावर पाय कशाला द्यावयाचा?” असे माम म्हणत. यास कायद्यातच उत्तर आहे. रस्त्यावरील त्रयस्थाच्या इजेसाठी वाहनाचा विमा उतरणे सक्तीचे आहे. रक्कम देते ती विमा कंपनी, आणि तिच्या तिजोरीत ती प्रत्येक वाहनमालकाच्या हप्त्यातून आलेली असते. चालकाजवळ परवाना नसला, किंवा विम्याच्या अटींचा भंग झाला, तर मात्र कंपनी पुढे मालकाकडून वसूल करू शकते. हे आम्ही मामांपासून लपविले नाही. फौजदारी खटला निराळा, तो सरकार चालविते. किंबहुना दोष आणि भरपाई यांची गाठ कायद्याने हळूहळू सैल केली आहे. १९७७ साली मुंबईकडून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, निष्काळजीपणा सिद्ध झाल्याखेरीज भरपाई नाही. १९८२ च्या दुरुस्तीने दोष न दाखविताही मृत्यूस पंधरा हजार व कायमच्या अपंगत्वास साडेसात हजार देवविले. २०२२ पासून हेच आकडे मृत्यूस पाच लाख व गंभीर इजेस अडीच लाख झाले आहेत. दैवाने झाले असे धरले तरी त्याचा सगळा भार एकट्याने का वाहावा, असा या तरतुदींचा आशय आम्ही समजतो.

मामांनी वकीलपत्रावर डाव्या हाताने सही केली. पण खरी परीक्षा पुढेच होती.

दाव्यात मनुष्याचा हिशेब कसा होतो ते वाचकांस ठाऊक नसावे. मामांचे वय बावन्न. देवळाचा पगार व सणासमारंभांची मिळकत धरून महिना बारा हजार. २००९ च्या सरला वर्मा प्रकरणातील कोष्टकाप्रमाणे या वयास अकराने गुणावयाचे. वर्षाचे एक लाख चव्वेचाळीस हजार, गुणिले अकरा, म्हणजे पंधरा लाख चौऱ्यांशी हजार. पुढे प्रश्न येतो अपंगत्वाचा. वैद्यांनी हाताचे अपंगत्व छत्तीस टक्के लिहिले. कंपनीचे वकील म्हणाले, साऱ्या शरीराच्या मानाने तिसरा हिस्सा, बारा टक्के. होतात एक लाख नव्वद हजार ऐंशी. परंतु २०११ च्या राजकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, शरीर किती निकामी झाले हे पाहून थांबावयाचे नाही. त्या मनुष्याची कमाई किती बुडाली हे पाहावयाचे. कारकुनाचा कोपर आणि आचाऱ्याचा कोपर एक नव्हे. दोनशे पानांच्या भाताचे हंडे ज्या हाताने उतरावयाचे तोच गेला. आम्ही साठ टक्के मागितले. त्याचे होतात नऊ लाख पन्नास हजार चारशे.

येथे आमच्याच व्यवसायातील एका स्नेह्याने सल्ला दिला की, मिळकत वीस हजार लिहा; एखाद्या मिठाईवाल्याचा दाखला जोडला की झाले. “कंपनी कापणारच आहे, म्हणून आधी वाढवून मागावे,” हे त्याचे तर्कशास्त्र. हा मोह लहान नाही. खोट्या दाव्यांचा सुळसुळाट इतका की उत्तर प्रदेशात त्यांच्या तपासासाठी खास पथक नेमावे लागले. मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेणे वकिलास नियमाने निषिद्ध आहे, ते उगीच नव्हे. पक्षकाराचा आकडा वाढावा अशी वकिलाची स्वतःची भूक जागी झाली की सल्ला नासतो. आम्हीही, कबूल केले पाहिजे, क्षणभर घुटमळलो. मामांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “वकीलसाहेब, मीठ जास्त पडले तर भात फेकावा लागतो.” बारा हजारच लिहिले.

साक्षीच्या दिवशी उलटतपासणीत प्रश्न आला, “देवळात जेवत होता ना?” “रोज,” माम म्हणाले, “आणि आताही जेवतो. पूर्वी वाढून जेवत होतो.” न्यायाधीशांनी ते तसेच लिहून घेतले.

अखेरीस न्यायाधिकरणाने पन्नास टक्के धरले. रकमेचा काही भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत ठेवण्याचा हुकूम झाला, हे नेहमीचेच. आकड्यात आम्ही समाधानी होतो. तरीही एक गोष्ट सांगावयास हवी. सबंध दाव्यात तो तरुण एकदाही आला नाही. त्याच्यापुरते प्रकरण एकतर्फी चालले. पैशाने जे भरून येत नाही त्याचे कोष्टक कायद्याजवळ नाही. मामांना त्याने येऊन एकदा हात पाहावा एवढेच हवे होते, आणि ते मागण्यास अर्जाचा कोणताही नमुना नाही. एखादा माणूस दावा जिंकूनही रिकामा का परततो, याचा उलगडा आम्हास तेव्हा झाला.

निकालाची प्रत घेण्यास आले त्या दिवशी मामांनी त्या पोराचा पत्ता विचारला. परत आलेल्या समन्सच्या लिफाफ्यावर तो होता. आम्ही कागदावर उतरवून दिला. कागद त्यांनी डाव्या हाताने घडी करून खिशात ठेवला. ते तेथे गेले किंवा कसे, हे आम्ही पुढे विचारले नाही.